तोंडातला न दुखणारा चट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडच्या द्राक्षबागेत छाटणी असो की सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी, कामाला लागण्याआधी तळहातावर चुना-तंबाखू मळली जाते. चिमूट गालात जाते आणि बराच वेळ तिथेच बसते. रोज, त्याच कोपऱ्यात. कर्करोगही बऱ्याचदा त्याच कोपऱ्यात सुरू होतो. चुन्यामुळे निकोटिन झटपट रक्तात उतरतं, म्हणून तलफ पक्की होते. भारतातल्या पुरुषांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे.

पण सुरुवातीला तो दुखत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. गालात पांढरा किंवा लाल चट्टा येतो, तिखट झोंबू लागतं. मग आपला नाशिककर एक वेळ मिसळ सोडतो, पुडी सोडत नाही! मावा आणि सुपारी खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आखडतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, बघा. जात नसतील तर दाखवायला हवं. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी.

आता मशेरी. डॉक्टरांनी विचारलं, "काही व्यसन?" तर आजी सरळ "नाही" म्हणतात, आणि त्या खोटंही बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. म्हणून आशाताईंना आणि डॉक्टरांना माझं सांगणं, मशेरीचं नाव घेऊन विचारा.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर ती किती दिसते, ते तुम्हीच जाणता.

आज एवढं करा. उजेडात आरशासमोर उभे राहा. ओठ उलटून, गाल ताणून, जीभ उचलून खालची बाजू पाहा. चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जा. "तुकडा काढला की रोग पसरतो" या भीतीने लोक तपासणी टाळतात. तसं होत नाही. त्या तुकड्यावरूनच निदान पक्कं होतं, आणि लवकर झालं तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागू शकतं.

सोडायची असेल तर फुकट सल्ल्याचा फोन आहे. पेन घ्या: १८००, ११, २३५६. पुन्हा सांगतो, १८००-११-२३५६.