सह्याद्रीच्या माथ्यावर लुकलुकणारा दिवा

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरच्या मध्यावर रात्री आठ वाजून गेले की कोकणात पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर एक ठळक प्रकाश दिसू लागतो. क्षणात लाल, क्षणात हिरवा, क्षणात निळा. टक लावून पाहिलं तर तो इकडेतिकडे सरकतोयसं वाटतं, आणि मग ड्रोनची चर्चा सुरू होते.

हे सरकणं डोळ्यांचा भास आहे. काळोखात आजूबाजूला खूण नसेल तर एकटा ठिपका हलल्यासारखा दिसतोच. म्हणून भिंतीला डोकं टेकवून उभे राहा आणि तो प्रकाश घराच्या आढ्याशी किंवा विजेच्या खांबाशी जुळवा. माडाच्या झावळीशी नको, ती वाऱ्याने हलते. पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागेवरून पाहा. तारे तासाला साधारण १५ अंश सरकतात. म्हणजे पाव तासात हा प्रकाश, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा, वर आणि जरासा उजवीकडे गेलेला दिसेल. विमान तोवर कधीच निघून गेलेलं असतं. दुसऱ्या रात्री तोच प्रकाश त्याच जागी ४ मिनिटं आधी आला, तर तो ताराच. शंका उरत नाही.

हा तारा व्याध. खात्रीसाठी मृगातले बाणाचे तीन तारे शोधा. त्यांची रेघ क्षितिजाकडे वीतभर वाढवली की ती व्याधाजवळ पोचते.

व्याध मुळात पांढराशुभ्र आहे. रंग दाखवते ती आपली हवा. तारा क्षितिजापासून १० अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा पाचपटीहून जास्त हवेतून येतो. त्या हवेतले थंड-गरम थर सतत हलतात आणि निळा किरण लालपेक्षा थोडा जास्त वाकवतात, त्यामुळे प्रत्येक रंग वेगळा लुकलुकतो. दुर्बीण डोळ्याला लावून हलकेच गोल फिरवा, रंगीत मण्यांची माळ दिसेल. पाहण्याजोगी गोष्ट आहे ती! ग्रह एरवी स्थिर दिसतात, पण क्षितिजालगत शुक्रही लुकलुकतो. तेव्हा नुसत्या लुकलुकण्यावरून निर्णय करू नका.

पश्चिमेला, समुद्रावर, हिशेब वेगळा. दीपगृहाचा झोत ठरलेल्या सेकंदांनीच परततो. घड्याळ लावून मोजा. ताऱ्याच्या लुकलुकण्याला असा ठेका नसतो. मासेमारी बोटीचा दिवा पाण्याच्या रेषेलाच राहतो, तर मावळता तारा काही मिनिटांत बुडतो. ५० मीटर उंच सड्यावरून क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर असतं, तेव्हा दूरच्या बोटीही दिसतात.

मात्र समुद्रावर लालभडक प्रकाश उंच जाऊन हळूहळू खाली येताना दिसला, तर पंधरा मिनिटं थांबू नका. पॅराशूटचा तो संकटसंकेत जेमतेम ४० सेकंद जळतो. दिशा आणि वेळ लक्षात ठेवा आणि लगेच तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा.