बोंडातला चीक

हे खसखशीचं बोंड पाहा. अजून हिरवंच आहे, पाकळ्या गळून थोडेच दिवस झालेत. सालीवर पातं ओढलं की क्षणभर काहीच दिसत नाही. मग चिरेच्या कडेनं पांढरे थेंब उमटतात, दुधासारखे. रात्रभर ते तिथेच असतात. सकाळी खरवडायला जावं, तर चीक तपकिरी आणि चिकट झालेला. हीच अफू.

दुखण्यावर ती चालते, हे माणसाला फार जुनं ठाऊक होतं. तिच्यातलं चालतं काय, ते कळायला १९वं शतक उजाडलं. जर्मनीतल्या एका औषधांच्या दुकानात फ्रीडरिश सेर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या मदतनिसानं अफूच्या अर्कात अमोनिया घातला आणि तळाशी स्फटिक बसले. ते मॉर्फीन. पुढे या पठ्ठ्यानं ते स्वतः घेतलं, तीन तरुणांनाही दिलं. शेवटी उलटी व्हावी म्हणून कडक व्हिनेगर प्यायची वेळ आली.

आता हा लगदा. उंदराच्या मेंदूचा. १९७३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी अशाच लगद्यात किरणोत्सारी नॅलोक्सोन मिसळलं. नॅलोक्सोन मॉर्फीनची जागा अडवतं. ते जिथे चिकटून राहिलं, तिथे रिसेप्टर, म्हणजे रेणू येऊन बसण्याची पेशीवरची जागा.

पण मेंदूनं एका रोपट्यासाठी जागा का राखावी? त्यानं राखलीच नव्हती. १९७५मध्ये अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत एन्केफॅलिन सापडलं, मेंदूचं स्वतःचंच मॉर्फीनसारखं रसायन, पाच-पाच अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. दोन्हींचा पहिला मणी टायरोसिन, त्यात अणूंचं एक कडं. आणि मॉर्फीनच्या रेणूचा हा कोपरा बघा, तसंच कडं. कुलूप-किल्लीची उपमा सगळेच देतात, पण ही चावी दुसऱ्याच घरची होती आणि तरी लागली. 'नुसता झाडपाला' म्हणून हसणाऱ्यांनी हा कोपरा पुन्हा एकदा बघावा.

चावी लागली की चेतापेशीतली कॅल्शियमची दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी गप्प होते. रुग्ण सांगतात, दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही.

श्वास चालवणाऱ्या भागातही हेच रिसेप्टर असतात. मात्रा चढली की श्वास मंदावतो, थांबतोही. आणि सवय जडते.

ही डोळ्याची बाहुली, टाचणीच्या टोकाएवढी झालेली. नॅलोक्सोन आत्ताच दिलंय. बघत राहा.