जेवण तिकिटात, बाकी बिलात

(दृश्य : सिंगापूरचं मरिना बे क्रूझ सेंटर. दुपार. बॅगा, ट्रॉल्या, कंटाळलेली लहान मुलं. काचेपलीकडे पांढरं जहाज.)

बाबांच्या पिशवीत मेथीचे लाडू आहेत. आणि रांग पुढे सरकतेय.

बहुतेक क्रूझ कंपन्या घरी केलेले पदार्थ जहाजावर आणू देत नाहीत. दुकानातलं बंद पाकीट चालतं, डब्यातला लाडू चालत नाही. हे मी बाबांना निघण्याआधी दोनदा सांगितलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं : "बोटीवर कोणी रिकाम्या हाताने चढतं का?"

बाबांच्या मनातली बोट म्हणजे कोकण बोट. लहानपणी गिरगावातून भाऊच्या धक्क्यावर जायचं, बोट धरायची, डेकवर सतरंजी अंथरायची आणि बरोबर आणलेली भाकरी नि लसणीची चटणी खायची. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत बोट देवगडला आली की बाहेर समुद्रातच उभी राहायची, आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला लागायची. त्या तिकिटात जागा मिळायची. पोटाचं ज्याचं त्याने बघायचं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाबांना इथल्या तिकिटात जेवण आहे हे कळत होतं, पटत नव्हतं.

शेवटी आम्ही सात जणांनी रांगेत उभ्या उभ्याच डबा संपवला.

(दृश्य : जहाज धक्का सोडतं. भोंगा. कठड्याला टेकलेले आई-बाबा.)

चार रात्रींची सफर. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. आई-बाबा, ताई-भावजी, मी, माझी बायको आणि नऊ वर्षांची लेक. तीन केबिन.

निघण्याआधी ज्याला त्याला एकच विचारायचं होतं : परवडतं का? या प्रश्नाचं उत्तर केबिनच्या भाड्यात सापडत नाही. ते जेवणाच्या टेबलावर सापडतं, म्हणून आम्ही कॅमेरा तिथेच लावला.

(दृश्य : बुफे. दाराशी हात धुण्याचे नळ.)

तिकिटात काय येतं? बुफे येतो, सकाळपासून रात्रीपर्यंत. मुख्य डायनिंग रूम येते, जिथे बसून, वाढलेलं जेवायचं. साधं पाणी, चहा, साधी कॉफी येते. न्याहारीला दूध आणि बहुतेक जहाजांवर रसही. काय येत नाही? कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी, यंत्रावरची खास कॉफी, दारू, वेगळ्या शुल्काची खास रेस्टॉरंट्स, इंटरनेट. आणि सेवकांची बक्षिसी. तिच्याकडे नंतर येऊ, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दल बोलायचं आहे.

बुफेबद्दल एकच सांगतो. आत शिरताना साबणाने हात धुवा. बाटलीतल्या जेलवर भागवू नका. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस साबण-पाण्याने जितका जातो तितका जेलने जात नाही.

(दृश्य : मुख्य डायनिंग रूम. संध्याकाळ. पांढरे टेबलक्लॉथ, आईची इरकल साडी.)

आता इथे थोडं थांबू या.

ठरावीक वेळेची पंगत निवडली की रोज तेच टेबल मिळतं आणि तेच वाढपी. आम्ही आठची पंगत घेतली होती. पहिल्या रात्री मेन्यू हातात आला आणि आईने तो उजवीकडून वाचायला घेतला, किमतींसाठी. किमती नव्हत्याच. मग तिने सगळ्यात साधं म्हणून टोमॅटोचं सूप मागितलं आणि एवढंच पुरे म्हणाली.

वाढप्याने तिच्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाला, "आई, तीन गोष्टी मागवायच्या असतात. सुरुवातीचं, मुख्य आणि गोड. आवडलं नाही तर मी दुसरं आणतो. त्याचे पैसे पडत नाहीत."

तो गोव्यातल्या बारदेशातला निघाला. घरी कोंकणी, शाळेत थोडं मराठी, आणि गेली कित्येक वर्षं समुद्र.

जेवण झाल्यावर आईने सगळ्यांच्या ताटल्या एकावर एक रचल्या, चमचे वरच्या ताटलीत आडवे ठेवले आणि उठायला लागली. माझ्या आठवणीत आई कधीही सगळ्यांबरोबर पहिल्या घासाला बसलेली नाही. तव्यावरची शेवटची पोळी उतरली की मग ती बसते. त्या पोराने तिच्या हातातून ताटल्या घेतल्या आणि म्हणाला, "बसा. गोड यायचंय अजून." ती बसली. चारही रात्री बसली. चौथ्या रात्री तिने कोणालाही न विचारता स्वतःसाठी आइस्क्रीम मागवलं.

मला कोणी परवडलं का असं विचारलं की मला आधी हे आठवतं, हिशेब नंतर.

(दृश्य : न्याहारीचं टेबल. केळी, दही, वाफाळता बटाटा.)

तिसऱ्या दिवशी आईची चतुर्थी आली. आदल्या रात्रीच वाढप्याला सांगून ठेवलं होतं. मुदपाकखान्यात भारतीय आचारी होते. सकाळी उकडलेला बटाटा आला, लोण्यावर जिरं नि हिरवी मिरची परतून, वर मीठ. साबुदाणा नव्हता, पण उपास निभावला. जैन जेवण किंवा कांदा-लसणाशिवायचं हवं असेल तर मात्र असं आयत्या वेळी सांगू नका. बुकिंग करतानाच कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. हजारो माणसांचा स्वयंपाक एका ठिकाणी होतो. तिथे आधी कळलेलं जमतं.

(दृश्य : बार. रंगीत पेले. भावजी हिशेबाच्या कागदावर वाकलेले.)

पेयांचं पॅकेज, म्हणजे रोजचे ठरावीक पैसे आधीच भरून मग पेयं घ्यायची. यावर आमच्याकडे विमानातच वाद झाला होता.

भावजींना संध्याकाळी एखादी बिअर लागते. ताई दारूला शिवत नाही. आता नियम ऐका. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांचा नियम असा, की एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही ते घ्यावं लागतं. एकाच्या पॅकेजवर दुसऱ्याने पिऊ नये म्हणून हा बंदोबस्त. कार्निव्हलमध्ये वर दिवसाला १५ मद्यपेयांची मर्यादा. शिवाय पॅकेज एका दिवसाचं मिळत नाही, पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं.

उदाहरणाला दिवसाचे ६५ डॉलर धरा. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क. झाले ७६ डॉलर ७० सेंट. चार रात्री, दोन माणसं : ६१३ डॉलर ६० सेंट. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ५२ हजारांच्या वर. यातली एक व्यक्ती लिंबू सरबत पिणारी.

आता सुटं घेतलं तर? ८ डॉलरची बिअर सेवाशुल्कासकट ९ डॉलर ४४ सेंटला पडते. म्हणजे एकट्या भावजींचं पॅकेज वसूल व्हायला रोज आठाहून जास्त बिअर हव्यात. १३ डॉलरचं कॉकटेल धरलं तर रोज पाच. पहिल्या दिवशी जहाजावर पोहोचेपर्यंत दुपार होते. पेनांगला आणि फुकेतला दिवस किनाऱ्यावर जातो, तिथे पॅकेज चालत नाही. उरलेल्या वेळात, माझ्या लेकीसमोर, आई-बाबांच्या शेजारी बसून कोण इतकं पिणार? आणि पैसे वसूल करण्यासाठी पिणं हे मला मनापासून वाईट वाटतं. भरलेले पैसे एकदाच जातात, पण शरीरावर पुन्हा वसुली निघते.

भावजींनी पॅकेज घेतलं नाही. चार दिवसांत पाच बिअर झाल्या. त्यांनी कागदावर आकडा मांडला, ताईला दाखवला, आणि त्या पैशांतून फुकेतला सगळ्यांनी मासे खाल्ले.

ज्यांच्या घरात दोघेही घेतात, दिवस किनाऱ्याऐवजी समुद्रावर जास्त आहेत, सकाळची खास कॉफी नि दुपारचं ताजं ज्यूसही हवं आहे, त्यांचं गणित जमू शकतं. ती कॉफी नि पाण्याची बाटलीही त्याच पॅकेजात धरतात. अशांनी ते निघण्याआधीच घ्यावं, जहाजावर गेल्यावर बहुतेक वेळा महाग पडतं. बाकीच्यांनी पाण्याची रिकामी बाटली बरोबर ठेवावी. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्या चढताना प्रत्येक प्रौढाला वाइनची एक बाटली आणू देतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

लहान मुलांसाठी कोल्ड्रिंकचं वेगळं पॅकेज असतं. लेकीने हट्ट केला. मी नाही म्हटलं. ती दोन दिवस रुसली, आणि तिसऱ्या दिवशी फुकटच्या लिंबू सरबताच्या यंत्राशी तिची मैत्री झाली.

(दृश्य : खास रेस्टॉरंटचा मंद उजेड.)

एक खर्च मात्र वाया गेला. चढल्या चढल्या लॉबीत एका टेबलावर खास रेस्टॉरंट्सचं आरक्षण चाललं होतं, आजच्यापुरती सवलत म्हणत होते. माझी बायको नको म्हणत होती. मी घेतलं. तिथे दोन माणसांचं जेवण सहज १०० डॉलरच्या पुढे जातं, आम्ही चौघं होतो. मांसाचं रेस्टॉरंट, ताई शाकाहारी. तिला मश्रूम आणि पालक मिळाला. आणि त्या रात्री आई-बाबा आमच्या टेबलावर लेकीला घेऊन तिघंच बसले. ते मला जास्त लागलं. पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. आधी तिकिटात मिळालेलं जेवून बघा.

(दृश्य : रिकामी होत जाणारी डायनिंग रूम. वाढपी उद्याचे पेले मांडतोय.)

आता बक्षिसी.

बऱ्याच मोठ्या कंपन्या दर माणशी, दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर सेवकांसाठी म्हणून खात्यावर लावतात. मुलांनाही लागतात. सात माणसं, चार रात्री, १८ डॉलर धरले तर ५०४ डॉलर. म्हणजे ४२ हजार ८४० रुपये. आकडा मोठा आहे, आणि अनेक जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन तो कमी करून किंवा काढून घेता येतो. तशी रांग मी पाहिली. तिथे मराठीही ऐकू आलं.

आमचा वाढपी सकाळी न्याहारीला उभा असतो आणि रात्री साडेदहालाही. करार सहा-आठ महिन्यांचा, त्यात रविवार नसतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे उरलेले १४ कामाचे होऊ शकतात. आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग याच बक्षिशीतून येतो. पॅकेज नको म्हणणं हा घरचा हिशेब आहे. बक्षिसी काढून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या हिशेबात हात घालणं. मी ती काढली नाही, आणि ज्याला ती परवडत नाही त्याने सहल एका रात्रीने लहान करावी असं मला वाटतं.

(दृश्य : बाबा आणि वाढपी बोलताना. आवाज हळू.)

दुसऱ्या रात्री बाबांनी त्याला विचारलं, "वडील काय करायचे?"

"तारवटीच होते, बाबा."

तारू म्हणजे जहाज. तारवटी म्हणजे जहाजावर काम करणारा. गोव्यात हा शब्द पिढ्यांचा आहे. पोर्तुगीज राज्यातल्या गोव्यात काम नव्हतं, म्हणून माणसं मुंबईला यायची आणि पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया यांसारख्या कंपन्यांच्या बोटींवर आचारी, वाढपी, बटलर म्हणून चढायची. युरोपीय पद्धतीचा स्वयंपाक त्यांना यायचा, गोमांस किंवा डुकराचं मांस हाताळायला अडचण नसायची. बॅलार्ड पियरवरून विलायतेला जाणाऱ्या साहेबांना सूप वाढणारा हात कित्येकदा बारदेशातला नाहीतर गोव्यातल्याच सासष्टीतला असे.

दोन बोटींच्या मधल्या काळात ही माणसं राहायची कुठे? गावाच्या कुडीत. कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, चिराबाजार, माझगाव इथे एकेका गावाने आपापली कूड चालवली. भिंतीलगत ट्रंका, जमिनीवर पथाऱ्या, एका बाजूला गावच्या संताची वेदी.

बाबा एकदम सरसावून बसले. गिरगावातल्या त्यांच्या चाळीपासून पाच मिनिटांवर अशी कूड होती. शाळेत जाताना दारात ट्रंका दिसायच्या, पांढऱ्या रंगात नावं लिहिलेल्या. "एक दिवस ट्रंक असायची, दुसऱ्या दिवशी नसायची," बाबा म्हणाले. "आम्ही पोरं म्हणायचो, बोट लागली वाटतं."

वाढप्याचे वडील अशाच एका कुडीत राहायचे.

शेवटच्या रात्री खात्यावरच्या बक्षिशीखेरीज बाबांनी त्याला एक पाकीट दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाला, "देव बरें करूं." कोंकणीत धन्यवाद असे म्हणतात. आईने त्याला विचारलं, तू कधी जेवतोस? "तुमचं झालं की," तो म्हणाला. आई काही बोलली नाही. उठली आणि तिने ताटल्या एकावर एक रचल्या. या वेळी त्याने तिला अडवलं नाही.

(दृश्य : मुंबई, धोबीतलाव. जुनी इमारत, लाकडी जिना. बाबा कठडा धरून चढतात.)

परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाबांनी मला धोबीतलावला आणलं. कुडीत आता माणसं थोडी आहेत. ट्रंकांची जागा चाकांच्या बॅगांनी घेतलीय. आठ वाजले तसे आतले चौघं-पाचजण वेदीसमोर उभे राहिले आणि तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली. बाबा चपला काढून दाराशी थांबले.

तिकडे सिंगापूरच्या घड्याळात साडेदहा वाजले असणार. आठची पंगत उठली असेल.

(आवाज : प्रार्थना. खाली रस्त्यावरची रहदारी. काळा पडदा.)