मांडणीवरची भांडी

अध्यक्ष महोदय, मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: शास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांशी, सहकाऱ्यांशी, माध्यमांशी आणि लोकांशी कसं बोलावं. चारही बाजू घेणार आहे. पण आधी इटलीतल्या लाक्विला शहरात जाऊन येऊ, कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं सरकताच येत नाही.

२००९ साल. कित्येक आठवडे तिथं जमीन हादरत होती. ३० मार्चला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू मोजून त्यावरून अंदाज बांधणारा एक तंत्रज्ञ मोठ्या भूकंपाची भाकितं करत होता आणि लोकांची झोप उडाली होती. दुसऱ्या दिवशी सरकारनं तज्ज्ञांची बैठक बोलावली. ती साधारण तासाभरात आटोपली. मोठा भूकंप येईलसं दिसत नाही, पण येणारच नाही असंही म्हणता येत नाही, असं शास्त्रज्ञ आत बोलले. बरोबरच बोलले!

पण बैठकीआधीच नागरी संरक्षण खात्याचा एक अधिकारी कॅमेऱ्यासमोर सांगून बसला होता, की छोट्या धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडतेय, तेव्हा हे चांगलंच लक्षण आहे. वार्ताहरानं विचारलं, मग निवांत वाइनचा एक पेला घ्यायला हरकत नाही ना? तो म्हणाला, अगदी जरूर.

आता ही ऊर्जेची गोष्ट जरा नीट बघा. तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६.३ च्या भूकंपाची ऊर्जा ४ तीव्रतेच्या धक्क्यांनी मोकळी करायची, तर तसे जवळजवळ ३,००० धक्के बसायला हवेत. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं इथं काही होत नाही. हे एवढं वाक्य लोकांसमोर ठणकावून म्हणायला हवं होतं. बहुतेक शास्त्रज्ञ मात्र बैठक संपवून आपापल्या गावी परतले.

लाक्विलाची एक जुनी रीत होती. धक्का बसला की पोराबाळांना घेऊन चौकात रात्र काढायची. ५ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमाराला धक्का बसला, मध्यरात्रीनंतर दुसरा. आपल्या वडिलांनी घरच्यांना बाहेर नेलं असतं, हे माहीत असलेला एक डॉक्टर त्या रात्री बायको आणि मुलीला घेऊन घरातच थांबला, कारण तज्ज्ञांनी धीर दिलाय असं त्याच्या कानावर आलं होतं. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. त्या दोघीही गेल्या.

२०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं शास्त्रज्ञांना निर्दोष सोडलं, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणली. शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडणं मला कधीच पटलं नाही. पण बोलण्याची वेळ दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जाणं, हेही मला पटत नाही.

हे मी इतक्या कळवळून का सांगतो? १९९२ मध्ये मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. किल्लारीकडचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. म्हणाला, "सर, आमच्याकडं रात्री मांडणीवरची भांडी वाजतात, जमिनीतून आवाज येतो. कशामुळं?" दख्खनचं पठार स्थिर आहे, असं पुस्तकात होतं. मी तेच सांगितलं, आणि वर म्हटलं, "घाबरू नका." ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची ती मणामणाची माती झोपलेल्या माणसांवर आली. दिवाळीनंतर तो मुलगा वर्गात आला, आपल्या नेहमीच्या बाकावर बसला. मला काही बोलला नाही.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, "मला माहीत नाही रे. पण भांडी वाजताहेत, तर काही दिवस अंगणात झोपा." लोकांना 'माहीत नाही' पेलतं. त्याच्यामागं 'तोवर हे करा' जोडलेलं हवं, बस.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर घेतो. विद्यार्थ्यांना पुस्तकातलं सांगताना, ते कशावरून ठरलं आणि कुठं कच्चं आहे, हेही सांगा. सहकाऱ्यांशी बोलायचं तर बंद खोलीतला 'पण' इतिवृत्तात उतरवून घ्या, आणि बाहेर कोण बोलणार हे उठण्याआधी ठरवा. वार्ताहराचा फोन आला तर आपलं एक वाक्य साध्या मराठीत आधी कागदावर लिहा, कारण छापून तेवढंच येणार. आणि गावात बोलायला जाल तेव्हा पहिली दहा मिनिटं ऐका. भांडी कुठल्या घरात वाजतात, ते गावालाच ठाऊक असतं.

औशाहून आलेल्या गुरुजींचा हात मघापासून वर आहे. माईक त्यांच्याकडं द्या.