गालात राहिलेला घास

(जळगाव येथे लकवा, फिट आणि कंपवाताच्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं की आपल्याकडे पहिली सोय होते केळ्याची. जळगाव जिल्ह्यात केळ्याला काय तोटा? मऊ असतं, चावायला लागत नाही, गोळी कुस्करून त्यात देता येते. पण हेच केळं रात्री नऊला दिलेलं सकाळी सहाला गालात सापडतं. लुळ्या बाजूचा गाल ढिला पडलेला असतो आणि तिथली जाणीवही कमी झालेली असते. जीभ तिकडे वळत नाही, घास अडकल्याचं माणसाला कळत नाही. दूध-भाकरी, वरण-भात यांचंही तसंच.

दात किडतात हा त्यातला लहान तोटा. मोठा धोका फुप्फुसाला. गिळण्याची क्रिया कमजोर झाली की तोंडातली लाळ जंतूंसकट श्वासनळीत उतरते, आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. काही दिवसांनी ताप येतो, धाप लागते. तो न्यूमोनिया असतो. म्हणून या रुग्णांचं तोंड दिवसातून दोनदा घासायचंच, आणि प्रत्येक खाण्यानंतर गाल तपासायचा.

तपासायचा कसा, ते नीट बघा. रुग्णाला बसतं करा. मान मागे टाकू नका. आत नीट दिसावं म्हणून आपण हनुवटी वर उचलतो, तिथेच चूक होते. त्याने पाणी सरळ घशाकडे जातं. हनुवटी किंचित छातीकडे असू द्या. बसता येत नसेल तर कुशीवर वळवा आणि गालाखाली टॉवेल ठेवा. बोटाला ओलं गॉज, म्हणजे जखमेच्या पट्टीचं जाळीदार कापड, गुंडाळा. बोट दातांच्या बाहेरून, गालाच्या खोबणीत घाला आणि मागून पुढे ओढत आणा. दातांच्या मध्ये बोट कधीच घालू नका. जबडा अचानक मिटला तर रुग्णाला तो लगेच उघडता येत नाही.

मग मऊ ब्रश. तो भिजवून झटकायचा, टपकता नको. ज्याला थुंकता येत नाही त्याला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, फ्लोराइडची आणि शक्यतो कमी फेसाची. ब्रश हिरडीकडे 45 अंशांत तिरका धरा. फेस आला की गॉजने टिपून घ्या. ‘चूळ भर’ म्हणून पेला हातात देऊ नका. गिळताना ठसका लागणाऱ्याला चूळ धोक्याची. डॉक्टरांनी 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन, म्हणजे तोंडाचं जंतुनाशक औषध, सांगितलं असेल तर तेही गॉजनेच लावा, पेस्टनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर त्याचा असर कमी होतो. फार दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात. ते डाग दंतवैद्याकडे साफ होतात.

हात थरथरत असेल, पण स्वतः घासायची इच्छा असेल, तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवा. आणि मिशरी बंद. एक हात लुळा पडला तरी दुसऱ्या हाताने मिशरी लावणाऱ्या आज्या आपल्याकडे कमी नाहीत!

आता फिटची औषधं. फेनिटॉइन, म्हणजे बहुतेकांच्या ओळखीची एप्टॉइन. हे औषध 1938 पासून वापरात आहे, आणि 1939 मध्येच त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. सुरुवात सहसा पुढच्या दातांमधल्या टोकांपासून होते, काही महिन्यांतच. जिथे कीटण साचतं तिथे वाढ जास्त. हिरडी कापून घेतली आणि घासणं तसंच राहिलं तर ती पुन्हा येते. म्हणून गोळी मनाने बंद करायची? अजिबात नाही, त्याने फिटवर फिट येऊ शकते. बदल करायचा तो मेंदूविकारतज्ज्ञांनी. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननेही हिरड्या वाढू शकतात.

दंतवैद्याकडे जाताना नुसतं ‘फिटची गोळी चालू आहे’ एवढं सांगून भागत नाही, स्ट्रिपच घेऊन जा. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाने प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी होऊ शकतात, तेव्हा दात काढण्याआधी रक्त तपासावं लागतं. कार्बामाझेपिन हे फिटचंच दुसरं औषध चालू असताना एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, चक्कर येते, दोन-दोन दिसतं. लकव्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल एका दातासाठी सहसा थांबवत नाहीत. रक्तस्राव तिथेच दाबून, टाका घालून थांबवता येतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध असेल तर ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपास) हवा.

फिट चालू असताना तोंडात चमचा, चप्पल, कांदा, काहीही कोंबू नका. दात तुटतो आणि तुकडा श्वासनळीत जातो. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. कवळी असेल तर फिट थांबल्यावर आधी तीच शोधा. साध्या अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्या प्लॅस्टिकचा, तुकडा गिळला गेला तर एक्स-रेत दिसत नाही, म्हणून फिटच्या रुग्णाला सुटी, लहान कवळी देताना दंतवैद्य दहादा विचार करतो.

कंपवातात लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नाही, गिळणं मंदावतं म्हणून. दंतवैद्याची अपॉइंटमेंट लेव्होडोपाच्या, म्हणजे कंपवाताच्या, गोळीनंतर तास-दीड तासाने घ्या, तेव्हा हात आणि जबडा त्यातल्या त्यात स्थिर असतात. उपचार झाल्यावर खुर्ची टप्प्याटप्प्याने उभी करायला सांगा, एकदम उठलं की रक्तदाब उतरतो.

आणि ज्यांना नाकातल्या नळीने अन्न देता, त्यांचंही तोंड घासा. खाणं बंद म्हणून दात स्वच्छ राहत नाहीत. चावणं नाही, लाळ कमी, म्हणून टाळूला आणि जिभेला सुकलेली साय धरते. ती खरवडू नका. आधी ओल्या गॉजने दोन-तीन मिनिटं भिजू द्या, मग ती आपोआप सुटते.