सोबतीच्या प्रवासाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत माझ्याकडे येणारी मंडळी पुष्कळदा रुग्णाच्या फाइलीबरोबर एक प्लॅस्टिकची पिशवीही आणतात. तिच्यात सोलापूर-मुंबई फेऱ्यांची तिकिटे असतात, दादरहून परळपर्यंतच्या टॅक्सीभाड्याचे आकडे चिठोऱ्यांवर टिपलेले असतात, आणि एसटीच्या तिकिटांवरची शाई तर केव्हाच उडून गेलेली असते. “आईच्या उपचारांसाठीच गेलो होतो, मग हा खर्च उत्पन्नातून वजा होईल ना?” या प्रश्नाला मला नाही म्हणावे लागते, आणि दर वेळी ते जड जाते.

1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 80डीडीबीनुसार, आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकाला कर्करोगासारखा विहित आजार असेल, तर उपचारखर्चापोटी 40 हजार रुपयांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास 1 लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. प्रवासाचा मात्र तेथे उल्लेखच नाही.

कलम 80डीडी थोडे उदार आहे. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या संगोपनासाठी 75 हजारांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाखाची ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती रक्कम ठरत नाही. म्हणून 40 टक्क्यांहून कमी नसलेल्या दिव्यांगत्वाचा दाखला तिकिटांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक जपावा. या दोन्ही सवलती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळतात, हे विसरू नये. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील रुग्णाला उपचारासाठी परदेशी न्यावे लागले आणि रुग्णाबरोबर एका सोबत्याचा प्रवासखर्च मालकाने दिला, तर ठरावीक उत्पन्नमर्यादेत तो करपात्र धरला जात नाही. रुग्ण एकटा जाऊ शकत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे; मग आईला धरून रात्रीच्या गाडीत बसवणारा सोलापूरचा मुलगा त्याला का दिसू नये?

तोवर हाती आहे ते घ्यावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्यात पूर्ण सूट आहे, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठीचा दाखला रुग्णालयातून मिळतो. तो तिकीट काढण्यापूर्वीच मागून घ्यावा.