एक फोन, तीन वयं

वडोदरा. दांडिया बाजारातलं एक जुनं मराठी घर. घरात फोन एकच. सकाळी आजी त्यावर हरिपाठ लावते, मग आई शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ उघडते आणि दुपारी सगळे आडवे झाले की तो नातवाच्या हातात जातो. आता या फोनचं वय किती धरायचं?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. ती मागणारा ओटीपी येणार याच फोनवर. आणि फोन तेव्हा कुणाच्या हातात असेल, सांगायला नको.

एका बाबतीत मात्र वादच नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्यं पसरवणं, पाहणं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ म्हणणंही थांबवायला सांगितलं. ते मनोरंजन नव्हे, अत्याचार आहे.

गुंता सुरू होतो त्याच्या अलीकडे. घटनेचं कलम १९(२) सभ्यता आणि नीतिमत्ता यांसाठी बोलण्यावर वाजवी निर्बंध घालू देतं. पण वाजवी म्हणजे किती? याच शहरात, मे २००७ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत परीक्षेसाठी चित्रं मांडली होती. ती अश्लील आहेत म्हणत बाहेरची माणसं आत शिरली, विद्यार्थ्याला अटक झाली, त्याच्या बाजूने उभे राहिलेले प्रभारी अधिष्ठाता निलंबित झाले. चित्रं परीक्षकांसाठी होती, लहान मुलांसाठी नव्हे. ‘अश्लील’ हा शब्द असा रबरासारखा ताणता येतो. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर गुन्हा ठरवणारं, रद्द केलं, तेही अशाच मोघम शब्दांमुळे.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं बंद केलं. ऐकायला सोपं. पण मूल ओळखायचं तर मोठ्यांनाही आपलं वय सिद्ध करावं लागू शकतं. म्हणजे हरिपाठासाठी आजीनेही आधार कार्ड काढायचं का?

संध्याकाळ. शेव-उसळीच्या बशा आवरल्यात. नव्या अ‍ॅपने जन्मसाल विचारलंय. आजी फोन पुढे करते.

‘तूच टाक रे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.’

नातवाचा अंगठा आकड्यांची चकती फिरवत मागे जातो. २०१३... १९९०... १९५१. सरावाचा अंगठा आहे.